राणी मेघावतीचा हेर

दुकानात पाऊल टाकलं की काका आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. नमस्कार नंतर. ओठ थोडे हलायचे आणि मग जाहीर करायचे, "अकरा बावीस. नोंद असावी."

कुणी नोंद करावी आणि कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. पनवेलला कोर्टामागच्या गल्लीत झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईला अशी माणसं नवी नसतात. तुम्हीही पाहिली असतील. निवृत्तीला वर्षं लोटली तरी कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल.

मला वाटलं, पेन्शनचं काहीतरी काम असेल. त्यांनी फाईल काढली, पांढऱ्या नाडीची गाठ सावकाश सोडली आणि पहिला कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर 'प्रकरण पहिले' असं होतं. खाली एक राज्य होतं, खाडीच्या पाण्याखाली दिवे जळणारं, आणि मेघावती नावाची एक राणी होती. मी कागद उलटून पाहिला, मागे अर्जबिर्ज आहे का म्हणून.

"कादंबरी आहे," ते खाली बघत म्हणाले. "एकच प्रत लागेल."

तेव्हापासून दर मंगळवारी एक प्रकरण. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईचा आकडा, शेवटी 'पृष्ठे एक ते सतरा, तपासली' आणि खाली बारीक सही. मी होतं तसं टाइप करायचे. आमच्या धंद्यात कागदावर असेल ते जसंच्या तसं उतरवायचं, मजकुराच्या अर्थात शिरायचं नाही. प्रतिज्ञापत्रात कुणी स्वतःच्या बापाचं नाव चुकवलं असलं तरी ते आपण सुधारायचं नाही, हे मी पहिल्याच वर्षी बोलणी खाऊन शिकले होते.

पण चौथ्या प्रकरणापर्यंत मी अर्थात शिरलेच. त्या राज्यातल्या हेरांच्या कपाळाला एक तेल चोळत. ते लावलं की हेराची पाठ वळताक्षणी बघणारा त्याचा चेहरा विसरून जाई. प्रधानाला गादी हवी होती. त्याने असा एक हेर राणीवर ठेवला. राणी दरबारात कधी आली, कुणाशी बोलली, केसांत कुठलं फूल होतं, सगळं रोज लिहून द्यायचं. हेराचा जीव राणीवर जडला. राणी मात्र रोज नव्याने विचारायची, "आपण कोण?"

एवढी गोड गोष्ट, आणि भाषा कचेरीची. प्रधान कट करायचा तो असा: 'राणीसाहेबांवर विषप्रयोग करण्याचा प्रस्ताव मान्यतेस्तव सादर.' हेराचं प्रेमपत्र तर मला अजून पाठ आहे. 'आपणांस कळविण्यात येते की, माझे मन आपल्या ठायी जडले आहे. माहितीस्तव सविनय सादर.' मी मोठ्याने हसले. म्हटलं, काका, राणी यावर शेरा मारून पत्र परत पाठवील.

ते हसले नाहीत. "मला एवढंच लिहिता येतं, ताई," म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे मी त्यांच्या मागेच लागले, दोघांना एकत्र आणा म्हणून. राणीने एकदा तरी चेहरा लक्षात ठेवावा, काहीतरी जादू करा, राज्य तुमचंच आहे. ते चष्मा पुसत आणि म्हणत, "तशी नोंद नाही." मी चिडायचे. कादंबरीत कसली आलीय नोंद?

चौदावं प्रकरण आलं ते दाखल्यांच्या दिवसांत. शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू होते, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी डोकं बाजूला ठेवून बोटं चालवली. पुढच्या मंगळवारी ते स्टुलावर बसून छापलेली पानं तपासत होते, आणि एका ओळीवर त्यांचं लाल पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मी वाकून पाहिलं. ओळ होती, 'दरबाराची घंटा झाली. शालिनी अजून आली नव्हती.'

हस्तलिखितातही तसंच होतं. लिहिताना मेघावतीच्या जागी हे नाव त्यांच्या हातून गेलं होतं आणि मी जसंच्या तसं उतरवलं होतं.

दुकान रिकामं झाल्यावर ते आपणहून बोलायला लागले. कुठली कचेरी ते मी इथे सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. शालिनीबाई आपटा गावाहून एसटीने यायच्या, जावक विभागात होत्या. रोज अर्धा तास तरी उशीर. साहेबाला आपल्या मर्जीतलं माणूस त्या खुर्चीवर हवं होतं. त्याने यांना हळूच सांगितलं, बाईंच्या येण्याच्या वेळा एका वहीत लिहून ठेवा, कुणाला कळू देऊ नका. हे नव्याने लागलेले, नाही म्हणायची छाती नव्हती. यांनी लिहिलं. वेळेपुढे, कुणी न सांगता, आणखीही लिहीत गेले. दहा पस्तीस, हिरवी साडी. दहा एकतीस, अबोलीचा गजरा. दहा अडतीस, आज खोकला आहे. साहेबाने फक्त वेळा उतरवून घेतल्या. महिन्याभरात बाईंची लांबच्या तालुक्याला बदली झाली. घरी एकटी आई. बाईंनी सहा महिने काढले आणि नोकरी सोडली. यांनी नंतर लग्न केलं नाही. आपणच ते केलं, हे बाईंना कधी सांगितलंही नाही.

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू. आणि त्यांची दयाही आली. दोन्ही एकदमच आलं.

शेवटचं प्रकरण आलं तेव्हा हेर राणीपुढे उभा होता. कपाळाचं तेल त्याने पुसलं होतं आणि सगळं कबूल केलं होतं. मी प्रत छापली, स्पायरल बाइंडिंग केलं. त्यांनी छापील पानांवरही हाताने लाल आकडे घातले. दोनशे अकरा पानं भरलेली, आणि त्यापुढे आणखी एक कोरं पान त्यांनी मुद्दाम लावायला सांगितलं होतं. त्यावर फक्त २१२.

"राणी काय म्हणाली ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "बाईंना प्रत नेऊन देतो. काय म्हणतात ते ऐकतो. मग लिहू."

पुढचे तीन मंगळवार ते प्रत पिशवीत घालून एसटी स्टँडवर गेले आणि तिथून माझ्याकडे परत आले. "दहा पाचची गाडी सोडली. नोंद असावी." तिसऱ्या वेळी प्रत माझ्याकडेच ठेवून गेले. घरी भाची आहे, तिच्या हाती लागायला नको म्हणाले. मी रागावले. म्हटलं, पुढच्या मंगळवारी दुकान बंद ठेवून मी येते बरोबर. त्यांनी मान हलवली.

तो मंगळवार आला, ते आले नाहीत. आणखी दोन गेले. मग एक दिवस एका बाईने काउंटरवर कागद ठेवला आणि पाच प्रती काढायला सांगितल्या. मी यंत्राचं झाकण उचललं, कागद पालथा घालताना काकांचं नाव दिसलं. ती त्यांची भाची होती. मृत्यूच्या दाखल्यावर तारीख होती, वेळ नव्हती. त्यांना ते आवडलं नसतं. पाचही प्रती मी काढल्या. चौथ्या वेळेला मला अक्षरं दिसेनाशी झाली.

मग मीच गेले आपट्याला. फाट्यावर उतरून एका म्हाताऱ्याला विचारलं. "हापिसवाल्या बाई ना? नदीच्या अंगाला त्यांचं घर हाय," तो म्हणाला. बाई अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे, पाठ ताठ. मी कोण, कशाला आले, काका गेले, सगळं सांगितलं. वहीचंही सांगितलं. मला वाटलं होतं, त्या चिडतील किंवा रडतील. त्यांनी हात पदराला पुसले, प्रत घेतली आणि मधूनमधून वाचत राहिल्या. राणीच्या गजऱ्याच्या ओळीपाशी थांबल्या. शेवटी कोऱ्या पानावर आल्या.

"हे कशाला ठेवलंय?"

"तुम्ही काय म्हणाल ते लिहायला."

त्यांनी पुन्हा एक चिंच उचलून फोडली.

"बदली कुणामुळे झाली ते मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "येऊन सांगतील म्हणून वाट पाहिली. नाही आले." मग चिंचेची एक शीर बोटाने ओढत म्हणाल्या, "आपट्याहून आधीची गाडी होती हो. पहिला महिना मी तिनेच जायचे. वेळेवर गेलं की सगळ्यांच्या घोळक्यात कोण बघतंय? यांनी कधी मान वर केली नाही. एक दिवस गाडी चुकली, उशिरा गेले, आणि यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यानंतर ती गाडी मी रोज सोडायला लागले."

मी विचारलं, हे लिहू का त्या पानावर.

"आता कोण वाचणार?" त्या म्हणाल्या. स्पायरलमधून ते पान त्यांनी जपून सोडवलं आणि माझ्या हातात दिलं. बाकीची प्रत मांडीवर ठेवली.

ते पान माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. एकदा दोनदा कॉम्प्युटरवर कादंबरीची फाईल उघडून बसले, त्या पानाचा मजकूर तर आता माझ्यापाशी आहे. पण कागदावर असेल तेवढंच उतरवायचं, ही सवय हाताची जात नाही. कागदावर कोपऱ्यात लाल शाईने २१२ आहे, आणि खाली काही नाही.