ट्रॅकसूटमधली ओटी

फोन मानसीचा होता. मी ऐरोलीला ऑफिसात, महिनाअखेरच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेली, म्हणून पहिला फोन कट केला. लगेच दुसरा आला. माझी लेक एरवी मेसेजवर भागवते, लागोपाठ दोन फोन म्हणजे काहीतरी बिनसलं. "आई, मोठी आई उठत नाहीये गं," एवढंच म्हणाली, आणि मागून बायकांचा आवाज आला... त्या आवाजावरूनच काय ते कळलं. दुपारचं जेवून वहिनी, म्हणजे मानसीची मोठी आई, गच्चीवर गेली होती, वाळत घातलेल्या पापडांची राखण करायला खुर्ची टाकून बसली आणि बसल्या जागी गेली. आजारपण नाही, दवाखाना नाही, कोणाला धावपळ करायची संधीसुद्धा दिली नाही बाईने. कॉलेजच्या मुलींचे सामने तोंडावर आले होते. ऑफिसच्या गाडीतून घरी येताना मला रडू यायच्या आधी राग आला. असं कोणी जातं का, सीझनच्या तोंडावर?

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. नाव हिरा, गावाची हिरावहिनी. मी कामोठ्याहून लग्न होऊन सीवूड्सजवळच्या या गावात आले तेव्हा शेतं कधीच शहराच्या पोटात गेली होती आणि घराच्या जागी भाडेकरूंनी भरलेली चार मजली बिल्डिंग उभी होती. माझे थोरले दीर त्याच्या पुढच्याच वर्षी वारले. वहिनीला मूलबाळ नव्हतं. पण विधवा बाईने कसं राहावं याबद्दल गावाचं जे काही म्हणणं होतं, ते तिने कधी कानावर घेतलंच नाही. कपाळावरची टिकली काढली नाही, हातातल्या बांगड्या वाढवल्या नाहीत. मानसीच्या बारशाला पाळण्याची दोरी पहिली तिनेच ओढली. गावात कोणाची हळद असली की नवरीला पहिलं बोट वहिनीचं, आणि कोणी डोळे वटारले तर दुसरं बोट त्याच्या गालाला. लोक आधी कुजबुजले, मग कंटाळले. मला तर वाटतं, लोकांना कंटाळा आणणं ही तिची खास कला होती.

आमच्या बिल्डिंगमागच्या कंपाउंडला लागून कॉलेजचं बास्केटबॉल कोर्ट आहे. आम्हाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं, संध्याकाळी शिट्ट्यांचा त्रास व्हायचा एवढंच. एकदा तिथला बॉल कंपाउंड ओलांडून आला आणि अंगणात वाळत घातलेल्या वहिनीच्या तांदळाच्या पापडांवर नेमका बसला. वहिनी बॉल काखोटीला मारून भांडायला निघाली आणि तमाशा बघायला मिळेल म्हणून मीही मागे गेले. कोर्टवर शीबा मॅडम होत्या, नुकत्याच लागलेल्या कोच, केरळच्या, अंगाने काटकुळ्या, ट्रॅकसूट आणि गळ्यात शिट्टी. वहिनीचा अख्खा तोफखाना त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. त्यातलं किती समजलं देव जाणे. मग म्हणाल्या, "आंटी, सॉरी. गुस्सा बाद में. पहले दस मिनट बैठो, देखो." वहिनी बसली. काळोख पडेपर्यंत बसली. उठताना बॉल परत दिला तो हातात नाही, जिथे उभी होती तिथून फेकून दिला, आणि मॅडमनी तो झेलून तिला सलाम ठोकला. पापड गेले ते गेलेच.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, मग रोज जायला लागली. मग भजनी मंडळातल्या बायकांना न्यायला लागली. मानसी त्याच कॉलेजात जाऊन टीममध्ये शिरली तीही वहिनीच्या भरीला पडून. आमच्या मुलींच्या मॅचला जे प्रेक्षक असायचे तसे आख्ख्या नवी मुंबईत कुठल्या टीमला नसतील, हे मी छातीठोकपणे सांगते. समोरच्या कॉलेजची पोरंपोरी पिपाण्या घेऊन यायची, आमच्याकडे लुगडी नेसलेल्या बायका, लग्नातल्या हळदीच्या चालीवर एकेका मुलीचं नाव गुंफून गाणी म्हणायच्या, आणि फायनल असली की वाजवायला वहिनीच्या भाच्याची बेंजो पार्टी. वहिनी गायची नाही. ती पुढे बसून नुसती बघायची. बास्केट पडली की सगळे उसळायचे, ही मात्र बॉल देणाऱ्या मुलीचं नाव घेऊन ओरडायची. मला एकदा म्हणाली, "टाकनारीला सगलं गाव बघतं गो. देनारीला बघ. तिनं दिला नसता तर ही काय हवा टाकनार होती?"

मॅडमच्या हाताखाली टीम खरंच वर आली. मानसी शेवटच्या वर्षाला कॅप्टन झाली. आदल्या वर्षी टीम फायनलला जाऊन हरली होती, तरी गावाने नाक्यावर अभिनंदनाचा बॅनर लावला होता, मधोमध शीबा मॅडमचा मोठा फोटो आणि भोवती ज्यांनी आयुष्यात बॉल हातात धरला नाही अशा सगळ्या पुढाऱ्यांचे छोटे फोटो. यंदा कप आपलाच, असं प्रत्येकजण बोलत होता. आणि सामने सुरू व्हायच्या ऐन तोंडावर मॅडमनी राजीनामा दिला. त्यांच्या राज्यात सरकारी कोचची जागा, कित्येक वर्षं वाट पाहिलेली, आत्ता निघाली होती आणि लगेच हजर व्हायचं होतं.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. पालक, जुने खेळाडू, गावातल्या बायका असा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर एरवी गुड मॉर्निंगची फुलं यायची, तिथे आता गद्दार, मतलबी, पैशाला विकली गेली असे शब्द पडायला लागले. कोणीतरी रातोरात नाक्यावरच्या बॅनरवर मॅडमच्या फोटोवर वर्तमानपत्र चिकटवलं. पुढाऱ्यांचे फोटो तसेच हसत राहिले. या सीझनला एकाही मॅचला जायचं नाही, कॉलेजला कळू दे, असं ठरलं. हे सगळं मी मजेने सांगतेय, पण तेव्हा माझंच डोकं सगळ्यात जास्त तापलं होतं. कारण मानसीने बूट पिशवीत बांधून माळ्यावर टाकले होते. "मॅडम नाहीत तर मी खेळणार नाही," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. कॅप्टनच बसली म्हटल्यावर बाकीच्या पोरीही बसल्या. चार वर्षं घाम गाळून शेवटच्या सीझनला माझी पोर घरात बसणार होती... त्या बाईला चार शब्द सुनावल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

आणि वहिनी? ती ग्रुपवर नव्हतीच, तिच्या फोनला तेवढी अक्कल नव्हती. शेवटच्या दिवशी मॅडम कोर्टवर सामान परत करायला येणार असं कळलं तेव्हा ती माझ्या दारात आली. "चल," म्हणाली, "तिला काय बोलायचं ते तोंडावर बोल. तू शिकलेली, नीट बोलतंस. मना नाय जमनार." मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत निघाले. वहिनीच्या हातात कापडी पिशवी होती, तिच्याकडे माझं लक्षही गेलं नाही. मानसीला तिने दंडाला धरून उठवलं होतं. कोर्टवर ग्रुपमधले बरेच जमले होते, हाताची घडी घालून, चेहरे आंबट. मॅडम एकट्या, बॉलची जाळी आणि कपाटाच्या किल्ल्या घेऊन उभ्या. कोणी पुढे होईना.

वहिनीने पिशवी उघडली. आतून ताट निघालं, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि एक मोरपंखी खण. मग तिने ते ताट माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी विधवा बाई. माझ्या हाताची ओटी चालत नाय. तू भर."

मी तिच्याकडे बघतच राहिले. जिने जन्मात कधी विधवापण मानलं नाही, जी दुसऱ्यांच्या हळदीत पहिलं बोट बुडवायची, ती आज गरीब गाईसारखा चेहरा करून रीत सांगत होती! मी हळूच म्हटलं, "वहिनी, हे काय चाललंय?" ती तितक्याच हळू म्हणाली, "पोर चाललीय. चार वर्षं आपल्या दारात राबली. तिला रिकामी पाठवशील?" सगळा गाव बघत होता. ताट हातात होतं. मी ते खाली ठेवू शकत नव्हते, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी पुढे झाले. मॅडमना काही कळेना. वहिनीने त्यांना खुणेने पदर पसरायला सांगितलं, पण ट्रॅकसूटला पदर कुठला? मग त्यांनी अंगातलं जॅकेट काढलं आणि दोन्ही हातांनी धरून पुढे केलं, पाठीवर आमच्या कॉलेजचं नाव होतं तो भाग वर. मी कुंकू लावलं, तांदूळ घातले, नारळ ठेवला. माझी सगळी जुळवलेली वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. तोंडातून निघालं ते एवढंच, "पोचल्यावर फोन कर गं." काटकुळी बाई, पोरींना ऊन-पावसात पळवणारी, कधी डोळ्यांत पाणी न आणणारी... ती त्या नारळावर वाकून हमसून हमसून रडली. ओटीतले चार दाणे माघारी ठेवायचे असतात, आमच्याकडे तशी पद्धत आहे. वहिनीने ते सांगितलं तर मॅडमनी विचारलं, "किधर रखूँ?" वहिनीने मानसीला पुढे ढकललं. मॅडमनी तिच्या तळव्यावर तांदूळ ठेवले, मूठ मिटवली आणि कपाटाच्या किल्ल्या त्याच मुठीवर ठेवल्या. हाताची घडी घालून उभे असलेले सगळे एकेक करून खाली बघायला लागले. परत जाताना कोणीतरी नाक्यावरच्या बॅनरवरचा कागद खरवडून काढला. डिंक जाईना, म्हणून पाणी आणून पुसला. माळ्यावरचे बूट त्याच संध्याकाळी खाली आले.

त्या सीझनला आमच्याकडे कोच नव्हता. कॉलेजातले एक पी.टी.चे सर बाकावर बसायचे, त्यांना क्रिकेट कळायचं. पहिली मॅच हरलो. दुसरीपासून वहिनीने पुढच्या रांगेत बसून भाच्याच्या फोनवरून मॅडमना व्हिडिओ कॉल लावायला सुरुवात केली. तिकडून मॅडम हिंदीत काहीतरी ओरडायच्या आणि वहिनी ते आमच्या बोलीत करून कोर्टभर पोचवायची, "पसरा गो पोरींनो, एका जागी काय जत्रा भरवताव?" रेफरी आले, म्हणाले, बाहेरून फोनवर कोचिंग चालणार नाही. वहिनी म्हणाली, "मी माझ्या पोरीशी बोलतंय. तुमी तुमचा खेल सांभाला." रेफरी बिचारे परत गेले. कप आला नाही, सेमीफायनलला एका बास्केटने हरलो. पण शिट्टी वाजली तेव्हा स्टँडमधलं एक माणूस उठून गेलं नाही. बायका गातच होत्या, मुली कोर्टवर उभ्या राहून ऐकत होत्या, आणि समोरच्या कॉलेजची पोरंही पिपाण्या खाली ठेवून टाळ्या वाजवत होती. मी आयुष्यात पुष्कळ बक्षिसं पाहिली, ऑफिसात मलाही दोन मिळाली आहेत. त्या दिवसाइतकी छाती कधी भरून आली नाही.

मानसी आता नोकरी करते आणि संध्याकाळी त्याच कोर्टवर नव्या मुलींना शिकवते. वहिनी गेली त्या दिवशी त्या सगळ्या मुली प्रॅक्टिस सोडून, तशाच जर्सीत आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. शीबा मॅडम तिकडून मिळेल ते विमान पकडून निघाल्या होत्या, त्या पोचेपर्यंत सगळे थांबले. वहिनीला बाहेर आणलं, आंघोळ घातली, पांढरी साडी पुढे केली कोणीतरी. मी ती बाजूला ठेवली. आत जाऊन तिचीच हिरवी साडी आणली, आणि ताट. तांदूळ, नारळ, खण.

आमची चुलतसासू आक्का कोपऱ्यातून ओरडली, "अगो, काय करतंस? विधवेची कोन ओटी भरतं का?"

"मी भरते," मी म्हटलं. "चाललीय ती. रिकामी नाही पाठवणार."

भटजी माझ्या नवऱ्याकडे बघायला लागले, नवरा माझ्याकडे. मी वहिनीला कुंकू लावलं, तिच्या पदरात तांदूळ घातले. मग मानसीने घातले, मग शीबा मॅडमनी, मग एकेक करून जर्सीतल्या त्या सगळ्या पोरींनी, कुठल्या जातीच्या, कुठल्या गावच्या, लग्न न झालेल्या. ताटातले तांदूळ संपले. आता काय करावं म्हणून मी इकडेतिकडे बघते, तर आक्का भिंतीला धरून उठली होती. ती आत गेली, बराच वेळ आली नाही, मला वाटलं रागावून बसली. मग बाहेर आली ती ओंजळीत तांदूळ घेऊन, वाटेत सांडत... वाकली आणि वहिनीच्या पदरात ओतले.

"जा बाय," म्हणाली, "सुखानं जा."

गावात विधवेची ओटी भरली, यावर अजून चर्चा चालू आहे म्हणे. चालू दे.