अकरा ट्यूब आणि एक शिलाई मशीन

करी रोडच्या चाळीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी एकदा अकरा ट्यूबलाइट बसवायला लावल्या. अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने!

गिरणी संपाचे दिवस होते. बाबा मिलच्या वीज खात्यात वायरमन, पण खात्यालाच कुलूप. त्यामुळे ते दिवसभर दारात बसून पक्कड पुसायचे. घर चालायचं आईच्या शिलाई मशीनवर. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. वर्गात मुली दोनच, पण शहाणपण माझ्या एकटीच्याच अंगात दहा जणींचं!

एकदा आईने बाटलीहिरव्या ब्लाउजला निळ्या दोऱ्याने बाह्या लावल्या. ब्लाउज परत आला. आई चाळीस वॅटच्या बल्बखाली डोळे चोळत टाके उसवत बसली.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीतून प्रकाशयोजनेचा संदर्भग्रंथ उचलून आणला. (उचलून म्हणजे अक्षरशः. वाटेत तीनदा खाली ठेवला.) त्यात सगळ्याची कोष्टकं होती! वाचायला किती उजेड, शिवायला किती, भिंती मळक्या असल्या तर किती वाढवायचा. तासभर आकडेमोड करून मी जाहीर केलं, "अकरा ट्यूब!"

बाबांनी पक्कड खाली ठेवली. "अकरा? बाय, नीट मोजलंस मां?"

"बाबा, पुस्तकात दिलंय!"

"मगे काय, पुस्तकात आसा तर प्रश्नच नाय!" आणि ते शर्ट चढवून निघालेसुद्धा. गणपती मंडळाच्या खोलीतून ट्यूबा आल्या, वायरी आल्या. संध्याकाळपर्यंत आमचं छत दिसेनासं झालं.

"अगो, मी कपडे खंय वाळत घालू?" आई विचारत होती. शास्त्रापुढे तिचं कोण ऐकतंय!

दिवेलागणीला बाबांनी बटणं दाबली. आईने डोळ्यांवर पदरच घेतला. लालबाग-परळचे यच्चयावत किडे आत शिरले. पाठोपाठ चाळ! शेजारच्या गोदाआत्या तर चपला बाहेर काढून, हात जोडून आल्या.

"कसली पूजा गो?"

मी छाती फुगवून आईकडे बघितलं. त्या उजेडात तिच्या भांगातले पांढरे केस पहिल्यांदाच दिसले. कधी झाले होते एवढे? बाबांच्या शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती, तीही दिसली. चाळीसच्या बल्बने बरंच काही झाकून ठेवलं होतं.

आई मात्र हरखली. "एवढो उजेड आसा, तर इस्त्रीपण उरकून घेतंय." तिने इस्त्री लावली.

फट्! आख्ख्या मजल्यावर अंधार.

"झाली काय पूजा?" अंधारातून गोदाआत्या.

बाबा टॉर्चच्या उजेडात फ्यूजला नवी तार लावत होते. त्याच उजेडात मी वहीत पाहिलं आणि घाम फुटला. खोली दहा बाय बारा फूट. मी धरले होते मीटर! आईच्या एका मशीनसाठी मी लग्नाच्या हॉलचा उजेड मोजला होता.

"मगे आता किती येतत?" बाबांनी विचारलं.

"एक," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

बाबांनी दहा ट्यूबा उतरवल्या. उरलेली एक मशीनच्या डाव्या अंगाला खाली घेतली, म्हणजे हाताची सावली सुईवर पडू नये. (हे पुस्तकात पुढच्याच पानावर होतं. मी तिथवर पोचलेच नव्हते.) आईने एका झटक्यात सुईत दोरा ओवला आणि दोघांकडे बघून हसली.

"बाबा, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"कळलेला मां." ते ट्यूबकडेच बघत होते. "पण वरीस झाला गो, शिडयेर पाय ठेवलेलो नाय."

अकरा ट्यूबांची कीर्ती डिलाईल रोडपर्यंत गेली आणि बाबांना घराघरातून बोलावणी यायला लागली. मीही ग्रंथ काखोटीला मारून सोबत जायची. एका घरी बाईंनी विचारलंच, "वायरमन तुम्ही, मग ह्या पोरीचं काय काम?"

"इंजिनेर आसा आमची," बाबा वरून अभिमानाने म्हणाले. "शिडी बरी धरता!"