आक्कांच्या पायातली चप्पल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे काय असतं ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. तुम्हाला सांगतो. पण मला माझ्या चालीने सांगू द्या — मी सरळ मुद्द्यावर येणारा माणूस, आज मात्र जरा वळसा घेणार आहे.

आधी एक ऐका. मी माझ्या कामात कच्चा नाही. सगळी नोकरी शाळेत पोरांची कवायत घेण्यात गेली. आमचं गाव तापीकाठचं, सारंगखेड्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या जत्रेत ढोलाच्या ठेक्यावर पाय उचलणारे घोडे लहानपणापासून बघत आलो. निवृत्त झाल्यावर एकदा डोक्यात आलं — एवढं मोठं जनावर ठेक्यावर तोल सांभाळतं, तर माणूस का नाही सांभाळणार? गावात म्हातारी माणसं पडत होती. कुणी मोरीत, कुणी ओट्यावरून उतरताना. आणि पडलेलं माणूस एकदा खाटेला लागलं की खाट त्याला सहजासहजी सोडत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेलच.

मग मी शहाद्याला जाऊन व्यायाम नीट शिकून घेतले आणि त्यांना आमची गाणी लावली. लग्नाच्या बँडच्या चाली, श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाची गाणी. सकाळी समाजमंदिराच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडायच्या, मोबाईलवर गाणं, बाजूला स्पीकर. खुर्चीला धरून टाच-चवडा, मग बाजूला पावलं, मग हात सोडून मधोमध येऊन सावकाश गिरकी. लोक हसले. ‘घोडे संपले, आता सर म्हाताऱ्या नाचवतात’ म्हणाले. हसू दे. महिन्या-दोन महिन्यांत काठ्या कोपऱ्यात पडायला लागल्या तेव्हा हसणारेच आपल्या आयांना घेऊन आले. याचा मला अभिमान आहे, आजही आहे. तो मी काही मागे घेत नाही.

माझी एक खास युक्ती होती. गाणं थांबलं की जिथे असाल तिथे एक पाय उचलायचा आणि गाणं सुरू होईपर्यंत टेकवायचा नाही. सगळ्यांना हा खेळ फार आवडायचा. पण गाणं मी थांबवायचो ते सगळे खुर्च्यांपाशी असतानाच. गिरकी चालू असताना कधीही नाही. हा नियम त्यांना ठाऊक नव्हता — तो माझा माझ्यापुरता होता.

आता यमुनाआक्का. आमच्या शेजारच्या, माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या, सगळ्या वर्गाचा जीव. पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, “या वयमा आम्हले नाचाडस का रे, भाऊ?” आणि मग सगळ्यांपेक्षा जास्त नाचल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा दिलीप शेतात, सून नोकरीला. आक्का एकट्या एसटीत बसून खापर गावी लेकीकडे जायच्या. मनात आलं की पिशवी उचलली आणि निघाल्या. त्यांना विचारलं असतं, आयुष्यात काय कमावलं, तर त्या एसटीची खिडकी म्हणाल्या असत्या.

वर्गात सगळ्यांचे फोन बंद असायचे, ही माझी सक्त ताकीद. माझा फोन गाण्यासाठी चालू, पण तो मी विमान मोडवर टाकायचो. त्या दिवशी टाकला नाही. विसरलो? नाही, विसरलो नाही. शहाद्याच्या एका मोठ्या कार्यक्रमात माझ्या वर्गाचं प्रात्यक्षिक ठेवायचं चाललं होतं आणि त्याचा फोन येणार होता. तो चुकायला नको होता मला. रिंगचा आवाज तेवढा बंद ठेवला, म्हणजे कुणाला कळायला नको.

फोन आला. रिंग वाजली नाही — पण गाणं थांबलं. सगळे मधोमध होते, हात सोडलेले, गिरकीत. आणि सगळ्यांनी, मीच शिकवलं होतं म्हणून, एक पाय उचलला.

बाकीचे कसेबसे सावरले. आक्का दाराकडच्या बाजूला होत्या, त्या कोसळल्या. धप्प आवाज आला तेव्हाही माझी नजर फोनवरच होती. आक्का पडल्या तिथे, दाराशी, चपलांचा ढीग होता आणि त्यातली एक चप्पल आक्कांच्या पायाशी येऊन पडली होती.

दिलीप शेतातून धावत आला. आई विव्हळतेय, पायाशी चप्पल. त्याने मला विचारलं, “मायनी चप्पल घालेल व्हती का, सर?”

किती सोपा प्रश्न होता. आणि मी मान हलवली. हो म्हणून.

बस, एवढंच. पण एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज तुमच्यासमोर बसलो असतो का? खुब्याचं ऑपरेशन झालं, मी नंदुरबारला दवाखान्यात भेटायला गेलो. आक्कांनी माझा हात धरला. “भाऊ, मन्हा पायमा चप्पल नव्हती ना रे?” त्यांना आठवत होतं. स्वच्छ आठवत होतं. आणि मी — मी त्यांना समजावलं. म्हणालो, आक्का, पडताना माणसाला कुठे काय आठवतं. त्यांनी हात सोडला.

पुढच्याच आठवड्यात हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, ‘चपला बाहेर काढा’. आणि त्याच दिवसापासून फोन न चुकता विमान मोडवर. दोन्ही बंदोबस्त मीच केले. एक गावाला दाखवायला, एक खरा. मग शहाद्याला प्रात्यक्षिक झालं, टाळ्या पडल्या, शाल मिळाली. भाषणात मी निष्काळजीपणाचं उदाहरण म्हणून एका चपलेची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, एवढी सभ्यता माझ्यात होती.

आक्का आता वॉकर घेऊन चालतात. खापरला जाणं बंद झालं. दिलीप वाईट मुलगा नाही, पण तो म्हणतो, साधी चप्पल काढायचं भान नाही, हिला एसटीत एकटी कशी सोडू? आक्का भांडत नाहीत. पूर्वीच्या आक्का असत्या तर त्यांनी त्याला चांगलं सुनावलं असतं. पण चूक आपली म्हटल्यावर भांडणार कशाच्या जोरावर?

वर्गाला मात्र येतात. खुर्चीत बसूनच हात हलवतात, टाच-चवडा करतात. काल एक नवी बाई आली, ती चपलांसकट आत निघाली. आक्कांनी तिला थांबवलं.

“चप्पल काढी ठेव, माय. नहीं ते मन्हासारखा पाय मोडी लेशी. मन्हीच चूक व्हती. सरले इचार.”

बाईने माझ्याकडे पाहिलं. आक्कांनीही पाहिलं. छान हसत होत्या.

मी मान हलवली. काल, पुन्हा. आणि गाणं सुरू केलं.

त्या दिवशी यमुनाआक्का अनवाणी होत्या.