वाडीचा नंबर

"टाक गो, माझाच नंबर टाक," म्हणत काकी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढायची आणि माझ्या टेबलावर ठेवायची.

पेणला माझं सेवा केंद्र आहे. काकी धरमतरकडच्या वाडीतली, मिठागरावर राबणारी. त्या वाडीत मोबाइल असायचे नवऱ्यांच्या खिशात. त्यामुळे रेशन असो, गॅस असो, बँक असो, बायांचा ओटीपी यायचा तो काकीच्या नंबरावर. "असं करू नये," मी एकदा सांगून बघितलं. "शेजारीण पाणी मागायला आली तर नाय म्हणू काय?" म्हणाली. आता हिच्याशी कोण वाद घालणार.

तिच्या शेजारची सून नवऱ्याच्या माराला कंटाळून पळाली. धाटावला कंपनीत लागली, रोह्यात खोली घेतली. कुठे, ते वाडीत फक्त काकीला ठाऊक. पोरीचे मेसेज काकी माझ्याकडून वाचून घ्यायची, कारण तिला अक्षर येत नव्हतं. "हळू वाच गो, भिंतीला कान हायत."

मग कुणीतरी काकीच्या नंबरावर खोटं खातं उघडलं आणि वाडीतल्या एका शाळकरी मुलीचे घाणेरडे फोटो बनवून टाकले. ओटीपी काकीनेच दाखवला होता, नेहमीसारखा. कुणाला, ते तिला आठवेना. पोलिसांनी मोबाइल मागितला. मागायलाच हवा होता, ती मुलगी जेवत नव्हती. काकीने आपणहून दिला, सोबतीला मला नेलं.

पंचनाम्याला वाडीतलेच दोघे पंच बसवले. त्यातला एक त्या सुनेचा दीर. हवालदार एकेक मेसेज मोठ्याने वाचत गेला. रोह्यातली गल्ली आली, घरमालकाचं नाव आलं.

काकी उठून उभी राहिली. "साहेब, चोराचं वाचा. पोरीचं कशाला वाचता?"

"तपास आहे, मावशी. सगळं बघावं लागतं."

"त्या खात्यापुरतंच बघा ना," मी म्हटलं.

"तुम्ही वकील का?"

नव्हते.

सही ठोकून दीर मोटारसायकलवर निघाला. आम्ही एसटीची वाट बघत उभ्या. पोरीला फोन करावा तर तिचा नंबर पाठ नव्हता, तो त्याच मोबाइलमध्ये होता. रोह्यात पोचलो तेव्हा खोली उघडी होती आणि पातेल्यातला भात करपला होता.

फोटोवाला पुढे सापडला. मुलगी शाळेत जायला लागली, हे चांगलंच झालं. सून परत काकीच्या शेजारी आली. भिंतीपलीकडचं सगळं काकीला ऐकू यायचं. मोबाइल सुटून आला, तो तिने घेतलाच नाही. केंद्रात यायचीही थांबली, आणि यंदा शिमग्याआधी वारली. मला फार लागलं ते.

परवा ती सून आली, नवऱ्याबरोबर. रेशनचं काम होतं.

"नंबर?" मी विचारलं.

नवऱ्याने आपला सांगितला. ती माझ्या टेबलाकडे बघत राहिली, काकी मोबाइल ठेवायची तिथे.