बाटलीतलं झाड

मुरबाडहून सिद्धगडाकडे निघालेल्या जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर झाकणबंद काचेची बाटली आणि आत नरक्या नावाच्या रानझुडपाचं बोटभर रोप. माझ्याशी बोलताना ती दर वेळी तोंड खिडकीकडे फिरवायची. आधी मला रागच आला.

"लॅबमधली सवय," ती म्हणाली. "झाडाच्या इवल्या तुकड्यापासून रोपं करतो आमी. बाटली भरताना आत श्वास गेला तर बुरशी धरते."

मूळ झुडूप सिद्धगडाच्या पायथ्याला होतं. ते वणव्यात जळालं. त्याआधी तिनंच त्याचा शेंडा खुडून नेला होता.

"म्हणजे हे त्याचं पोर," मी म्हणालो.

"पोर नाय. तेच झाड हाये हे. लावायच्या आधी त्याला जागा बघू दे म्हटलं."

काळ्या पडलेल्या उताराजवळ जीप थांबली, इंजिन बंद झालं. ऊन तिच्या खिडकीतून येत होतं, उतार माझ्या बाजूला होता. बाटलीतली पानं उन्हाकडे पाठ करून हळूहळू माझ्या बाजूला वळली.

"ओळखली जागा त्यानं," ती पुटपुटली. या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही.

मी मात्र श्वास रोखून धरला. बुरशीच्या भीतीनं नव्हे. मधे कुणी बसलंय, हे त्याला कळू नये म्हणून.