बिनचिठ्ठीचं काम

सात मार्चला मिस्त्रींनी खाणवाल्याला एक हजार एकशे चाळीस रुपये मोजून दिले आणि जोडाचा दगड कारखान्यात उतरवून घेतला.

कबरीच्या दगडांवर अक्षरं कोरण्याचं काम मिस्त्री अडतीस वर्षं करत होते. जोडाचा दगड म्हणजे नवराबायकोचा एकच दगड. आधी गेलेल्याचं नाव डावीकडे, मागे राहिलेल्याचं उजवीकडे. मागे राहिलेल्याचं जन्मसाल कोरायचं, पुढे आडवी रेघ मारायची आणि त्यानंतरची जागा कोरी सोडायची. तिथले आकडे पाळकसाहेबांची दफननोंदीची चिठ्ठी हातात पडल्याशिवाय कोरायचे नाहीत, हा कारखान्याचा नियम. आलेल्या चिठ्ठ्या मिस्त्री बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तारीखवार लावून ठेवत.

हा दगड त्यांच्या बायकोचा होता. चौदा महिन्यांचं आजारपण, तितक्याच महिन्यांच्या प्रार्थना, आणि अकरा फेब्रुवारीला ती गेली. चर्चच्या मंडळीतली माणसं घरी येऊन म्हणाली, "प्रभूची वेळ, मिस्त्री." हेच वाक्य मिस्त्रींनी आजवर शेकडो गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. आता ते त्यांनी खाणवाल्याने दर सांगावा तसं ऐकून घेतलं. डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

तीन दिवसांत डावी बाजू झाली. चौथ्या दिवशी उजवीकडे स्वतःचं नाव, जन्मसाल आणि रेघ कोरून झाली, तरी हात थांबला नाही. छिन्नी पुढे सरकली आणि चालू सालाचे चार आकडे उठले. मिस्त्रींनी फुंकर मारून भुकटी उडवली, दगड तोंड भिंतीकडे करून टेकवला आणि हात धुतले. रक्तदाबाची गोळी बायको रोज सकाळी चहाबरोबर बशीत ठेवायची. एकही दिवस चुकवायची नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. आता बशीत काही नसे आणि मिस्त्रीही मागत नसत. चर्चला मात्र ते दर रविवारी जात. गीताला उभे राहत, ओठ हलवत, खाली बसत.

"पप्पा, आईचा दगड कधी लावायचा?" दोन गल्ल्या पलीकडे राहणारी लेक विचारायची.

"लावू."

"सुताराच्या घरचं दार मोडकं म्हणतात, ते काही खोटं नाही."

मिस्त्री हसल्यासारखं करत. उजवी बाजूही खरी झाल्यावर दगड एकदाच उचलायचा, मजुरी वाचेल, असा त्यांचा हिशेब होता. तो त्यांनी कुणाला सांगितला नाही.

नोव्हेंबरात एकोणीसवाली आजी आली. वय एकोणनव्वद, नजर गेलेली, जीभ शाबूत. तीस वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला तेव्हा तिने अंथरूण धरलं होतं. मिस्त्रींचे उस्ताद म्हणाले, "बाई सहा महिने काढत नाही. सालाचे पहिले दोन आकडे आत्ताच कोरून टाक, मागाहून पुन्हा कोण जाणार?" मिस्त्रींनी एक आणि नऊ कोरले. आजीच्या दिराने चारही आकड्यांचे साठ रुपये आगाऊ दिले. आजी उठून बसली. शतक उलटलं आणि आजीला नवं नाव पडलं. चिठ्ठीचा नियम उस्तादांनी त्यानंतर केला. पुढे उस्ताद गेले आणि त्यांचे आकडे मिस्त्रींनी चिठ्ठी बघूनच कोरले.

"माझं एकोणीस बुजवणार आहेस की मला घेऊनच बुजवणार?" आजी स्टुलावर टेकत म्हणाली. दरवर्षी ती हेच विचारायची.

"बघू, आजी."

"बघू, बघू! माझी नजर गेली, तुझं बघणं संपेना." तिने बाजूच्या दगडाला हात लावला. "हा कुणाचा? भिंतीशी तोंड करून रुसलाय का?"

"घरचा."

आजीने दगडाच्या मागच्या फटीत हात घातला. डोळे गेल्यापासून ती बोटांनीच वाचायची. बोटं नावावरून गेली, जन्मसालावरून गेली, रेघ ओलांडून पुढे गेली आणि थांबली. मग पुन्हा मागे येऊन तिथूनच फिरली.

"हे तर चालू साल आहे."

मिस्त्रींनी चहाचा भुरका मारला.

"तू तर समोर बसून चहा पितोयस."

"हो."

"चिठ्ठी दाखव."

"कसली चिठ्ठी?"

"मला नको शिकवू. माझ्या दोन आकड्यांपायी अख्खं गाव मला हसलं, म्हणून तुम्ही नियम केलात ना? आण तो डबा. तुझ्या नावाची चिठ्ठी काढ."

डबा फळीवर होता. मिस्त्री उठले नाहीत.

"नाहीच ना? देणाऱ्याने अजून दिली नाही आणि तू काम उरकून मोकळा! तीस वर्षं मी रोज विचारते त्या वरच्याला, अजून का ठेवलंस बाबा. सांगत नाही तो. पण म्हणून मी त्याच्या हातातली लेखणी ओढून घेतली नाही." तिने हात बाहेर काढून पदराला पुसला. "तिच्या वेळी त्याने तुला विचारलं नाही, हे खरं. तुझ्याही वेळी विचारणार नाही. मालक तो आहे, मेल्या."

मिस्त्रींना रडू आलं नाही, की हलकंही वाटलं नाही. आजीला रिक्षात बसवून ते परत आले आणि राहिलेला चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी बशीत ठेवली आणि मग घेतली. "चिठ्ठी तुझ्याकडे आहे," एवढंच ते मोठ्याने म्हणाले. आमेन म्हणायचं राहिलं.

त्या आठवड्यात त्यांनी दगडाचीच भुकटी राळेत कालवून चारही आकडे बुजवले आणि घासून पॉलिश केलं. उरलेल्या राळेने कबरस्तानात जाऊन आजीचं एकोणीसही बुजवलं. बुजवलेली जागा कधी लपत नाही. जरा फिकट दिसतेच.

बारा जानेवारीला दगड लागला. लेकीने त्या डागावरून बोट फिरवलं. "पप्पा, हे काय?"

"चूक झाली होती."

"कसली?"

"तारखेची."

तिने पप्पांचं जन्मसाल वाचलं, पुढची रेघ बघितली आणि पुन्हा डागावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आजपासून सकाळचा चहा माझ्याकडे. गोळी घेऊन यायचं. माझ्यासमोर घ्यायची."

"बरं."

आता मिस्त्री रोज सकाळी दोन गल्ल्या चालत जातात. प्रार्थनेत अजून काही जाणवत नाही; प्रार्थना करतात. आजी नव्वदीत आहे. तिच्या नावाची चिठ्ठी आलेली नाही. तिच्या चार आकड्यांचे साठ मिस्त्रींकडे जमा आहेत; काम बाकी आहे.