मारोतीभाऊंचं एक बोट आणि टाकीवरचा काँप्युटर

"म्याडम, तीन दिसापासून नळ कोरडे हाय. सरपंचबाई आता तुमच्या डब्ब्यासमोर खुर्ची टाकून बसून राह्यली. चार वाजेपर्यंत पाणी नाई आलं तर डब्बा टाकीत फेकतो म्हणते."

फोनवर मारोतीभाऊ होते. झरी जामणी तालुक्यातल्या एका गावाचे पंप ऑपरेटर. वय पंचावन्नच्या पुढे. गावातला प्रत्येक वॉल्व्ह त्यांना तोंडपाठ. मी वणीच्या ऑफिसात, उजवा पाय प्लास्टरमध्ये. आठ दिवसांपूर्वी दुसऱ्याच एका टाकीच्या शिडीवरून मी खाली आले होते, जरा घाईने.

डब्बा म्हणजे मी तिथे बसवलेला सिंगल बोर्ड काँप्युटर. पत्त्यांच्या कॅटएवढी एकच हिरवी पट्टी, तिच्यावरच सगळा काँप्युटर. हार्ड डिस्क नाही, मोबाइलमध्ये घालतो तसलं छोटं कार्ड. टाकी रिकामी झाली की तो पंप चालू करतो, भरली की बंद करतो. सोबत पंचायतीचा जुना टीव्ही आणि एक कीबोर्ड. माउस नाही. काळ्या पडद्यावर कमांड टाईप करायची, म्हणजे लेखी हुकूम द्यायचा. याला टर्मिनल म्हणतात.

पंप हाताने चालू करता आला असता, पण स्टार्टरची बटणं मीच काढायला लावली होती. लोक टाकी ओसंडेपर्यंत पंप चालवायचे म्हणून. "आता माणसाची गरजच नाही," असं मी उद्घाटनाला म्हटलं होतं. माइकवर.

मे महिना. गावचा वायरमन लग्नाला गेलेला. आमचा साइटवरचा सहकारी लग्नाला गेलेला, तेही स्वतःच्या. साहेबांनी केबिनमधून विचारलं, "फोनवर होईल का?"

"होईल सर," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मारोतीभाऊ, कीबोर्ड समोर घ्या. लिहा, पी डब्ल्यू डी."

"पीडब्ल्यूडी कायले? ते रस्त्याचं पाहतात जी. पाण्याचं नाई पाहत."

"ते नाही भाऊ. ही कमांड आहे. आपण काँप्युटरच्या आत कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत, ते ती सांगते."

"मी तं खुर्चीवर बसेल हाय."

"तुम्ही खुर्चीवर. पण तुमचा हुकूम कुठे जाऊन पडेल, ते बघायचं."

हे त्यांना पटलं. एका बोटाने लिहून त्यांनी एंटर दाबलं आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. तिरपी काडी, होम, तिरपी काडी, पाणी. म्हणजे मुख्य फोल्डर. बरोबर.

"आता डी एफ, स्पेस, वजाबाकीची खूण, एच."

बराच वेळ टकटक आली. मग, "कमांड नॉट फाउंड म्हणते."

"काय लिहिलं ते वाचा बरं."

"डी, एफ, एस, पी, ए, सी, ई..."

चूक माझी. स्पेस म्हणजे खालची लांब पट्टी, हे मी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला कमांड चालली. ती कार्डावर किती जागा भरली ते दाखवते.

"शंभर टक्के, म्याडम!" मारोतीभाऊ ओरडले. मागे कोणीतरी टाळी वाजवली.

"भाऊ, शंभर टक्के वाईट आहे."

"शंभर काहून वाईट? आपल्याले तं शाळेत पस्तीसच्या वर कधी भेटले नाई."

मी समजावलं. हा काँप्युटर दर सेकंदाला टाकीची पातळी लिहून ठेवतो. त्या नोंदींनी कार्ड गच्च भरलं. पुढची नोंद लिहायला जागा नाही म्हणून पंपाचा प्रोग्रॅम चालूच होत नव्हता. जुन्या नोंदी मिटवल्या की झालं.

नोंदी 'लॉग' नावाच्या फोल्डरमध्ये होत्या. तिथे जायची कमांड सी डी. मारोतीभाऊ तिथे गेले. एल एस लिहून आतल्या फायलींची यादी मागवली. ती धो धो वाहू लागली. "बाप्पा! थांबूनच नाई राह्यली."

आणि त्यांच्याकडची लाइट गेली.

वीस मिनिटांनी आली. तोवर सरपंचबाईंनी फोन घेऊन मला विचारलं, "तुम्ही खरंच इंजिनेर हाय ना?" मी हो म्हटलं. त्या "बरं" म्हणाल्या. त्या 'बरं'चा अर्थ मला कळला.

पावणेचार होत आले होते. मी घाई केली.

"लिहा भाऊ. आर एम, स्पेस, चांदणी. आर एम म्हणजे मिटव, चांदणी म्हणजे इथलं सगळं. मिटलेलं परत येत नाही. हं, एंटर."

टकटक आली, हवी त्यापेक्षा जरा जास्तच.

"भाऊ? दाबलं?"

"नाई."

"काहून?" माझ्याही तोंडून वऱ्हाडी निघालं.

"म्याडम, तुम्ही सांगून राह्यल्या इथलं सगळं मिटव. पन इथलं म्हंजे कुठलं? मी वॉल्व्ह फिरवायच्या आधी कोन्त्या लाइनीवर हाय ते पाहतो. एकडाव न पाहता फिरवला, तं मयतीच्या घरचं पाणी बंद करून लग्नाच्या घरी सोडलं होतं. मी ते खोडून पीडब्ल्यूडी करून पाह्यलं."

"काय आलं?"

"तिरपी काडी, होम, तिरपी काडी, पाणी. बस. लॉगबिग काईच नाई."

लाइट गेली तेव्हा काँप्युटर नव्याने सुरू झाला होता आणि आपण परत मुख्य फोल्डरमध्ये आलो होतो. तिथेच पंपाचा प्रोग्रॅम होता. मारोतीभाऊंनी माझं ऐकलं असतं तर तोच मिटला असता. त्याची दुसरी प्रत होती, पण नवरदेवाच्या लॅपटॉपमध्ये.

"भाऊ," मी म्हणाले, "बरं झालं थांबले."

"मंग आता?"

"आता सी डी, स्पेस, लॉग."

या वेळी त्यांनी मला न विचारताच पीडब्ल्यूडी पुन्हा केलं. लॉग आलं. मग आर एम, स्पेस, चांदणी. एंटर.

"काईच नाई बोलली, म्याडम."

"काम नीट झालं की ती काही बोलत नाही."

"अशी सासू भेटाले पायजे," मागून सरपंचबाईंचा आवाज आला.

शेवटची कमांड सुडो रीबूट. म्हणजे बंद होऊन पुन्हा चालू हो. सुडो म्हणजे हे वरिष्ठाच्या अधिकाराने करतोय, असं काँप्युटरला बजावणं. मारोतीभाऊंनी तिथल्या तिथे भाषांतर केलं, "सरपंचाच्या सहीचा हुकूम हाय." त्यावर बाई उठल्या आणि म्हणाल्या, एंटर मीच दाबणार.

दाबलं. पडदा काळा झाला. फोनवर फक्त पंख्याची घरघर. मी माझ्या प्लास्टरकडे बघत बसले. मग दुरून खट्ट आवाज आला, स्टार्टर बसल्याचा. त्यामागून पंपाची घुमघुम. पोरं ओरडत टाकीकडे पळाली असावीत, कारण मारोतीभाऊंचा आवाज बारीक झाला. "म्याडम, ठेवतो जी. वॉल्व्हवर जा लागते."

साहेब बाहेर आले. "फॉल्ट काय होता?"

"कार्ड भरलं होतं. जुन्या नोंदी आपोआप मिटायची सोय प्रोग्रॅममध्ये नव्हती."

"ती कोणी करायची होती?"

"मी."

साहेबांनी पेन काढलं. "मग रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"लिहा सर, ऑपरेटरने सिस्टीम दुरुस्त केली. इंजिनिअरने फोन धरला."

त्यांनी 'संयुक्त प्रयत्नांतून दोष निवारण' असं लिहिलं.

प्लास्टर निघाल्यावर मी गावात गेले. आठ दिवसांपलीकडच्या नोंदी आपोआप मिटतील, अशी सोय केली. स्टार्टरची बटणं परत बसवली. या वेळी माइक कोणी दिला नाही, मीही मागितला नाही. आता कुठेही मशीन बसवलं की ते चालतं कसं, हे मी चालवणाऱ्याला अर्ध्या तासात सांगते. पुढचे दोन तास, तो आजवर काम कसं करत आला, हे मी त्याला विचारते आणि वहीत लिहून घेते.